प्लुटोला पाच, आपल्याला एकच: लांबच्या बटुग्रहांच्या चंद्रांबद्दल

दीपमाळ:
प्लुटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं (२४ ऑगस्ट २००६, प्राग) त्याला जमाना झाला तरी ते रडगाणं संपत नाही, दरवर्षी कोणीतरी 'बिचारा प्लुटो'वालं फॉरवर्ड पाठवतंच. माझं म्हणणं एवढंच की या भांडणात खरी मजेची गोष्ट बाजूला राहिली, ती म्हणजे या मंडळींचे, म्हणजे बटुग्रहांचे (गोल, सूर्याभोवती फिरणारे, पण पूर्ण ग्रह न मानलेले), चंद्र. बुध आणि शुक्र, दोघं अगदी रीतसर ग्रह, पण दोघांनाही चंद्र नाही. आणि तिकडे नेपच्यूनच्या पलीकडे, जिथे सूर्य म्हणजे नुसता झगझगीत ठिपका, तिथे प्लुटोला पाच (चॅरॉन, निक्स, हायड्रा, कर्बेरॉस, स्टिक्स), हाउमियाला दोन, आणि एरिस, माकेमाके, गोंगगोंग, क्वावार, ऑर्कस यांना प्रत्येकी एक. शेवटच्या तिघांवर अजून बटुग्रह असा अधिकृत शिक्का नाही, पण ते राहू दे.

चंद्र सापडला की वजन कळतं, वजन कळलं की तो गोळा बर्फाचा की दगडाचा ते कळतं, आणि मग तो कुठून आला, त्याला कोणी ठोकलं वगैरे सगळं बाहेर यायला लागतं. चंद्र नसेल तर नुसता प्रकाशाचा ठिपका बघत बसा. म्हणून धागा काढलाय, ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

खिडकीपाशी:
वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

खवचट_काका:
छान. पण एक शंका. ज्याला आपण धड ग्रहसुद्धा म्हणत नाही त्याच्याभोवती फिरणाऱ्या काळ्या दगडाचं आम्ही काय करायचं? त्या माकेमाकेचा चंद्र म्हणे १६०-१७० किमीचा. पुण्याहून नाशिकला निघालात तर सिन्नरच्या अलीकडेच संपला तो. आणि वजन कळतं म्हणजे काय, कोणी काटा घेऊन गेलं होतं का तिकडे?

रात्रपाळी:
काका काटा लागत नाही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो, बघा करून.

एरिसचा चंद्र डिस्नोमिया. तो एरिसपासून साधारण ३७,३०० किमीवर आहे आणि एक फेरी १५.८ दिवसांत मारतो. आपला चंद्र ३,८४,४०० किमीवर आणि २७.३ दिवसांत. आता केप्लरचा तिसरा नियम, शाळेत पाठ केलेला: अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग, हे वजनाच्या प्रमाणात. मग दोघांची तुलनाच करायची, बाकीचे स्थिरांक आपोआप उडतात.
३७,३०० ÷ ३,८४,४०० = ०.०९७, त्याचा घन ०.०००९१
२७.३ ÷ १५.८ = १.७३, त्याचा वर्ग जवळजवळ ३
गुणाकार ०.००२७
म्हणजे एरिस (अधिक डिस्नोमिया) आपल्या पृथ्वी-चंद्राच्या जोडीच्या ०.२७ टक्के. प्लुटो पृथ्वीच्या ०.२२ टक्के. झालं, एरिस प्लुटोपेक्षा जड निघाला. २००७ मध्ये माइक ब्राउन आणि एमिली शॅलर या खगोलशास्त्रज्ञांनी हेच केलं, अर्थात हबल आणि केकच्या दुर्बिणींतून नीट मोजून, आणि आकडा काढला की एरिस प्लुटोच्या १.२७ पट जड. गंमत म्हणजे आकाराने तो प्लुटोपेक्षा किंचित लहानच आहे, २,३२६ किमी विरुद्ध २,३७७. लहान आणि तरी जड, म्हणजे आत दगड जास्त. त्या काळ्या दगडाचं काय करायचं विचारलंत ना, हे करायचं.

खवचट_काका:
हं. गणित बरोबर आहे, करून बघितलं. पुढे चालू द्या.

ॲरिझोनाकर:
मी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफपासून गाडीने दोन-अडीच तासांवर राहतो त्यामुळे हा विषय घरचाच समजा. प्लुटो १९३० मध्ये लोवेल वेधशाळेत सापडला तो फ्लॅगस्टाफलाच, आणि चॅरॉन ज्या फोटोंत सापडला तेही फ्लॅगस्टाफचेच, पण अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या दुर्बिणीतले. जेम्स क्रिस्टी त्या वेधशाळेच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसात होता आणि काम काय तर प्लुटोची कक्षा आणखी अचूक काढायची, म्हणजे काचेच्या प्लेटवर ठिपक्याची जागा मोजायची, पुढची प्लेट घ्यायची, परत मोजायची, निव्वळ कारकुनी. तर जून १९७८ मध्ये त्याला दिसलं की प्लुटोच्या ठिपक्याला एका अंगाला टेंगूळ आहे. असल्या प्लेटा 'प्रतिमा लांबट, प्लेट खराब' म्हणून बाद व्हायच्या, दुर्बीण हलली असेल किंवा हवा वाईट असेल असं धरून. पण दुर्बीण हलली असती तर शेजारचे तारेही लांबट दिसायला हवेत, आणि तारे तर गोल गरगरीत! मग त्याने जुन्या प्लेटा काढल्या, त्यातही टेंगूळ, कधी वरच्या अंगाला कधी खालच्या. हिशेब लावला तर ते ६.३९ दिवसांनी फिरून त्याच जागी येतंय. आणि प्लुटो स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो हे त्याच्या उजेडाच्या चढउतारावरून १९५० च्या दशकातच कळलेलं होतं, तेही ६.३९ दिवस, म्हणजे टेंगूळ हा प्लुटोच्या गिरकीशी जुळलेला चंद्रच. २२ जून १९७८ ही चॅरॉनच्या शोधाची तारीख धरतात.

म्हणजे त्या आधी किती जणांच्या डोळ्यांखालून ते टेंगूळ गेलं असेल बघा. मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात भारी वाटतं, नवीन दुर्बीण नाही की काही नाही, सगळं कपाटात पडलेलं होतं. नावाचं म्हणाल तर बायकोचं नाव शार्लिन, लाडाने 'शार', त्याला 'ऑन' जोडलं आणि मग शब्दकोश उघडला तर चॅरॉन हा ग्रीक पुराणात मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी निघाला, म्हणजे प्लुटोच्या (पाताळाच्या देवाच्या) दरबारातलाच माणूस. नशीब लागतं राव.

गवतीचहा:
किती सुंदर लिहिलंय! बायकोच्या नावाचा उपग्रह, आणि आमच्याकडे स्कूटीलाही नाव देऊन देत नाहीत.

जुनीवही:
ॲरिझोनाकर, मस्तच. त्यात भर घालते. चॅरॉन सापडण्याआधी प्लुटोच्या वजनाचा जो गोंधळ होता तो वाचण्यासारखा आहे. ज्याच्या नावाची ती वेधशाळा त्या लोवेलने ज्या ग्रहाचं भाकीत केलं होतं त्याचं वजन पृथ्वीच्या जवळपास ७ पट. प्लुटो सापडल्यावर पुढच्या वर्षी अंदाज आला पृथ्वीएवढा. १९४८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कायपरने म्हटलं पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढा. १९७६ मध्ये त्याच्यावर मिथेनचा बर्फ दिसला, म्हणजे तो चकचकीत, म्हणजे तेवढ्या उजेडाला लहान गोळाही पुरतो, मग शंभरावा हिस्सा. आणि १९७८ मध्ये चॅरॉनने निकाल लावला, पाचशेव्या हिश्शाच्या आसपास. हा उतार बघून १९८० मध्ये दोन शास्त्रज्ञांनी थट्टेत आलेख काढून छापला होता की असंच चालू राहिलं तर १९८४ मध्ये प्लुटो नाहीसा होईल 😄

आणि नशिबाचंच बोलायचं तर चॅरॉन अगदी वेळेवर सापडला. त्याची कक्षा पृथ्वीवरून बघताना बरोबर कडेने दिसते असा काळ प्लुटोच्या २४८ वर्षांच्या फेरीत दोनदाच येतो, म्हणजे साधारण १२४ वर्षांनी एकदा, आणि तो आला १९८५ ते १९९०. ती पाच-सहा वर्षं चॅरॉन कधी प्लुटोच्या पुढून जातोय, कधी मागे लपतोय, सारखी ग्रहणंच ग्रहणं. उजेड किती मिनिटांत किती कमी झाला एवढ्यावरून दोघांचे आकार काढले, प्लुटोवर कुठे पांढरं कुठे काळपट याचे ढोबळ नकाशेही काढले. चॅरॉन आणखी पंधरा वर्षांनी सापडला असता तर गाडी निघून गेली असती आणि पुढची थेट बाविसाव्या शतकात.

गवतीचहा:
मला एक कळत नाहीये. चॅरॉन १,२१२ किमीचा आणि प्लुटो २,३७७, म्हणजे निम्मा. एवढा मोठा असेल तर त्याला चंद्र कशाला म्हणायचं, जोडी म्हणा ना सरळ.

दीपमाळ:
गवतीचहा, हाच वाद आहे, आणि तुम्ही म्हणताय ते प्रागच्या त्या सभेत जवळजवळ झालंच होतं. १६ ऑगस्ट २००६ ला व्याख्येचा जो पहिला मसुदा आला त्यात सेरेस, एरिस (तेव्हा त्याला हे नाव मिळालं नव्हतं) आणि चॅरॉन तिघंही ग्रह होणार होते, एकूण बारा. आठवडाभर भांडले आणि शेवटी आठ उरले. मसुद्यातला मुद्दा असा होता की दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो बिंदू मोठ्याच्या पोटात असेल तर धाकटा चंद्र, बाहेर असेल तर दोघं बरोबरीचे. आपली पृथ्वी आणि चंद्र, बिंदू पृथ्वीच्या आत. प्लुटो-चॅरॉनचा बिंदू प्लुटोच्या पृष्ठभागापासून साधारण साडेनऊशे किमी वर, मोकळ्या अवकाशात. म्हणजे प्लुटोसुद्धा कशाभोवती तरी घिरट्या घालतोय जिथे काहीच नाही.

आणि दोघांनी एकमेकांकडे कायमचं तोंड केलेलं आहे. आपला चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो पण आपण त्याला सगळ्या दाखवतो. तिकडे दोन्हीकडून कुलूप. प्लुटोच्या एका अर्ध्या भागात चॅरॉन आकाशात खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी, आपल्या चंद्राच्या सातपट रुंद, उगवणं नाही मावळणं नाही, नुसत्या कला बदलतात. आणि उरलेल्या अर्ध्या भागात राहणाऱ्याला चॅरॉन नावाचं काही आहे हे जन्मात कळणार नाही. मी तरी जोडीच म्हणते, व्याख्या काही का असेना.

खवचट_काका:
तिकडच्या अर्ध्या लोकांची करवा चौथची पंचाईत.

मृगाचापाऊस:
काका 😂
बाकीच्या चार पिल्लांबद्दल कोणी लिहीतच नाहीये. निक्स आणि हायड्रा २००५ मध्ये हबलने दाखवले, कर्बेरॉस २०११, स्टिक्स २०१२. शेवटच्या दोघांची नावं ठरवायला लोकांची मतं घेतली त्यात 'व्हल्कन' पहिलं आलं, कारण 'स्टार ट्रेक'मधल्या विल्यम शॅटनरने सुचवलं आणि त्याचे समस्त भक्त तुटून पडले, पण खगोल संघटनेने ते काही मानलं नाही. जनमत वगैरे सगळं एका मर्यादेपर्यंतच.

तर ही चार पिल्लं बटाट्यासारखी वेडीवाकडी आहेत आणि प्लुटो-चॅरॉन दोघं मिळून त्यांना दोन बाजूंनी ओढत असतात, त्यामुळे त्यांना आपल्या चंद्रासारखं एक तोंड करून राहणं जमतच नाही. न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ ला तिथून गेलं तेव्हा दिसलं की हायड्रा साधारण दहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो आणि प्लुटोभोवतीची फेरी मात्र ३८ दिवसांची! निक्सचा तर आसच आडवा पडलाय. गणितात असं निघतं की निक्ससारख्याची गिरकी दीर्घकाळात कशी बदलेल ते नेमकं सांगताच येत नाही. म्हणजे तिथे कोणी पंचांग काढायला बसलं तर सूर्योदयाच्या रकान्यात 'बघू' असं लिहावं लागेल.

सांडगी_मिरची:
मला हाउमियाबद्दल लिहायचंय कारण तो माझा लाडका आहे. तो ३.९ तासांत स्वतःभोवती फिरतो, एवढा मोठा गोळा आणि चार तास सुद्धा नाहीत, त्यामुळे तो ताणून अंडाकृती झालाय. हियाका आणि नामाका हे त्याचे दोन चंद्र ब्राउनच्या टीमला २००५ मध्ये केक दुर्बिणीतून दिसले. हाउमिया त्यांनी ख्रिसमसच्या सुमारास बघितला म्हणून घरातलं नाव 'सांता', मग चंद्रांची घरातली नावं सांताच्या रेनडिअरची, रुडॉल्फ आणि ब्लिट्झन. खरी नावं हवाईच्या पुराणातली, हाउमिया ही बाळंतपणाची देवी आणि तिची मुलं तिच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून जन्मली अशी कथा आहे. आणि इथे सुद्धा तसंच झालंय बहुतेक! फार पूर्वी काहीतरी जोरदार धडक झाली, त्यातून हा गरगर फिरायला लागला आणि वरचा बर्फाचा थर उडाला. दोन्ही चंद्र पाण्याच्या स्वच्छ बर्फाचे, आणि कायपर पट्ट्यात (नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ गोळ्यांचा पट्टा) तसाच बर्फ असलेले बरेच तुकडे मिळतात ज्यांच्या कक्षा हाउमियाशी जुळतात. अख्खं खानदान. शिवाय २०१७ च्या जानेवारीत तो एका ताऱ्याच्या पुढून गेला तेव्हा कळलं की त्याला कडंही आहे.

याच्या शोधाचं श्रेय कोणाचं यावरून स्पेनचे लोक आणि ब्राउन यांच्यात जे काही झालं ते मात्र फार कडू आहे, अधिकृत यादीत शोधाची जागा स्पेनची वेधशाळा, शोधकर्त्याचं नाव रिकामं आणि बारसं ब्राउनच्या पसंतीचं. दोघांनाही अर्धं अर्धं.

रात्रपाळी:
हाउमियाचे चंद्र आईसारखे लख्ख पांढरे आणि डिस्नोमिया अगदी उलट. एरिसवर पडलेला उजेड जवळजवळ सगळाच, ९६ टक्के, परत फेकला जातो, ताज्या बर्फापेक्षाही उजळ. डिस्नोमिया ४-५ टक्के. कोळसा. व्यास ६००-७०० किमी, म्हणजे अगदीच किरकोळ नाही. माकेमाकेचंही तेच, तो स्वतः उजळ आणि चंद्र काळा ठिक्कर, १,३०० पट अंधुक, म्हणून माकेमाके २००५ मध्ये सापडूनही चंद्र हबलच्या एप्रिल २०१५ च्या फोटोंत मिळाला. कारण बहुतेक असं की या छोट्यांना आपला मिथेन-नायट्रोजनचा बर्फ धरून ठेवायला पुरेसं गुरुत्वाकर्षणच नाही, मोठ्यांच्या अंगावर तो पुन्हा पुन्हा गोठून नवी पांढरी चादर पडत राहते आणि हे तसेच उघडे.

आणि डिस्नोमिया दिसायला गरीब असला तरी त्याने थोरल्याला वठणीवर आणलंय. २०२३ मध्ये कळलं की एरिसची गिरकीही १५.८ दिवसांचीच आहे, म्हणजे इथेही एरिसचं तोंड कायम डिस्नोमियाकडे.

ॲरिझोनाकर:
जोड्यांचं चाललंय तर ऑर्कस आणि त्याचा चंद्र व्हान्थ यांना विसरू नका. ऑर्कस ९०० किमीच्या आसपास आणि व्हान्थ साधारण ४४० किमी, वजनाच्या प्रमाणात ही जोडी प्लुटो-चॅरॉनपेक्षाही बरोबरीची निघाली. ऑर्कसची कक्षाही प्लुटोसारखीच, नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत याच्या दोन, फक्त प्लुटो जेव्हा सूर्याच्या जवळ तेव्हा हा लांब. आणि २०१७ मध्ये एक तारा झाकला गेला तो ऑर्कसने झाकला असेल म्हणून सगळे तयारीत होते, हिशेब केल्यावर कळलं की झाकणारा व्हान्थ होता, व्यास फुकटात मिळाला.

अरुंधती_वसिष्ठ:
चॅरॉनवर एका विवराचं नाव रेवती आहे हे कोणाला माहितेय का? २०१८ मध्ये अधिकृत झालं. चॅरॉनवरची नावं प्रवासाशी संबंधित ठेवायची असं ठरलंय, म्हणून नीमो, डोरोथी वगैरे मंडळींच्या शेजारी आपली रेवती, बलरामाची बायको. कथा अशी की तिचा बाप ककुद्मी, त्याला लेकीच्या तोडीचा मुलगा पृथ्वीवर सापडेना म्हणून तिला घेऊन ब्रह्मलोकी विचारायला गेला. तिथे गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला. गाणं संपल्यावर विचारलं तर ब्रह्मदेव हसले, म्हणाले तू मनात धरलेली सगळी स्थळं केव्हाच मेली, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. कालप्रवासाची फार जुनी गोष्ट म्हणून ती तिथे जाऊन बसली. मला ते फार आवडलं, नासाच्या कोणा माणसाला भागवतातली ही गोष्ट सापडावी याचंच आश्चर्य.

खवचट_काका:
स्थळ बघायला गेलं आणि एवढा वेळ गेला, त्यात कालप्रवास कसला, आमच्या बहिणीच्या वेळी असंच झालं होतं.

गवतीचहा:
वांगणीला आकाशदर्शनाला जातो तिथल्या दुर्बिणीतून यातलं काही दिसेल का?

दीपमाळ:
प्लुटो साधारण १४ व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका अंधुक), बारा इंची दुर्बीण, काळोख आणि चांगला नकाशा असेल तर 'हा ठिपका की तो ठिपका' इतपत दिसतो. सध्या मकर राशीत आहे. चॅरॉन नाही, तो प्लुटोपासून एका कोनीय सेकंदापेक्षाही (अंशाच्या ३,६०० व्या भागापेक्षाही) कमी अंतरावर दिसतो, आपल्या हवेत दोघांचा एकच ठिपका होणार. हौशी लोकांसाठी खरा मार्ग पिधानाचा, म्हणजे बटुग्रह ताऱ्यापुढून जातो ते कॅमेऱ्याने टिपायचं आणि वेळ अचूक नोंदवायची. क्वावारचं कडं २०२३ मध्ये जाहीर झालं ना, त्यामागच्या नोंदींत ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांचाही हात होता. आणि ते कडं भलतंच आहे, क्वावारच्या केंद्रापासून ४,१०० किमीवर, जिथे नियमाप्रमाणे ते सगळं गोळा होऊन चंद्र बनायला हवा होता. बनला नाही. त्याचा खरा चंद्र वेवॉट १३,३०० किमीवर आहे आणि तोच त्या कणांना गोळा होऊ देत नसेल असा एक संशय आहे.

जुनीवही:
चॅरॉनबद्दल ताजं: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला त्याच्यावर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळालं, २०२४ मध्ये आलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये एक नवीन गणित आलं की चॅरॉन प्लुटोला येऊन आदळला तेव्हा फुटून विखुरला नाही, दोघं काही तास, दहा-पंधरा, चिकटून एकत्र फिरले आणि मग अलग झाले. आधीची समजूत आपल्या चंद्रासारखी होती, की धडकेत दोघं मेणासारखे वाहिले. पण हे पडले थंड बर्फ आणि दगडाचे, त्यांची ताकद गणितात धरली की चित्र बदलतं. चॅरॉनचा तो लाल ध्रुव, तोही प्लुटोच्या देण्याघेण्यातलाच, प्लुटोवरून निसटलेला मिथेन तिथल्या लांबलचक हिवाळ्यात गोठतो आणि मग सूर्याच्या अतिनील किरणांनी तांबडा होतो.

मृगाचापाऊस:
सेडना म्हणून नेपच्यूनच्या फार पलीकडे आणखी एक गोळा आहे ना, त्याला चंद्र नाही का? एवढे सगळे सापडले तर तो का सुटला?

रात्रपाळी:
सेडनाची गोष्ट वाईट आहे. २००४ च्या सुरुवातीला वाटलं की तो फार संथ फिरतो, वीस दिवस किंवा जास्त. एवढ्या संथ गिरकीला सोपं कारण एकच, चंद्राने ब्रेक लावला असणार. हबलने फोटो काढले, चंद्र नाही. मग २००५ मध्ये ॲरिझोनातल्याच दुर्बिणीने परत मोजलं तर गिरकी निघाली साधारण दहा तासांची, म्हणजे कोडं नव्हतंच. पण तोच तर्क गोंगगोंगला बरोबर लागू पडला. केप्लर यानाच्या नोंदींवरून त्याची गिरकी ४५ तासांच्या आसपास निघाली, हंगेरीच्या चाबा किश आणि मंडळींना शंका आली, आणि त्यांनी हबलचे २००९ आणि २०१० चे पडून असलेले फोटो उघडले. त्यात गोंगगोंगचा चंद्र शियांगलिऊ बसलेला होता, सहा-सात वर्षं.

सेडनाचं वजन मात्र आजही कोणाला काढता आलेलं नाही. वर मी एरिसचं गणित केलं ना, त्यात भरायला सेडनाच्या बाबतीत अंतरही नाही आणि काळही नाही.